समासातला प्र.

४ ऑगस्ट, लातूर ते नांदेड (परतीच्या गाडीत)

आज सरांनी स्वतःची प्रस्तावनाच खोटी ठरवली. आता प्रकरण तीनचं काय करू?

साडेअकराला पोचले. बिराजदार सर व्हरांड्यात बसलेले. वय एक्क्याऐंशी, पण दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली. ठरवून गेले होते, आज फक्त पहिल्या पुस्तकाबद्दल विचारायचं. 'नाहीचा विचार'. शहाण्णव पानं, सत्ताविसाव्या वर्षी लिहिलेलं. माझी अख्खी पीएच.डी. त्या शहाण्णव पानांवर उभी आहे: सरांचं सुरुवातीचं तर्कशास्त्र आणि त्यावरचे प्रभाव. प्रस्तावनेत तर छापलंच आहे की हैदराबादला शिकताना वाचलेल्या एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं ऋण मोठं आहे.

"ते पुस्तक मी पुरतं वाचलंच नाही," सर म्हणाले. "इंग्रजी कच्चं होतं माझं."

"मग प्रस्तावनेत कसं आलं?"

"छापणारा म्हणाला, काहीतरी इंग्रजी पाहिजे."

आणि हसले. मला हसू येईना. मी विचारलं, मग कुणाचा प्रभाव? तर म्हणाले, "बैलाचा." 

सुनंदाताई (सरांची सून) चहा घेऊन आल्या. हळूच म्हणाल्या, आज बरे आहेत, कधी कधी मलाच विचारतात तुम्ही कोण. म्हणजे आजचं धरायचं की सोडायचं?

७ ऑगस्ट, नांदेड

गाइडना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. छापलेलं ते धर." मी म्हटलं, पण मला पहिल्यापासून वाटतंय की यात बौद्ध न्यायाचा प्रभाव आहे. आहे, नाही, आहेही नाहीही, दोन्ही नाही, त्या चार बाजूंचा. मॅडमचे डोळे चमकले. म्हणाल्या, "हे सिद्ध कर. मग प्रबंधाला वजन येईल." दिवाळीआधी प्रकरण हातात पाहिजे.

जेवताना पप्पांना सांगितलं. पप्पा पोस्टात होते, सगळं नीट ऐकून घेतात. म्हणाले, "तू आपली, बौद्धाघरची, म्हणून तुला तिथं बुद्ध दिसून राहिला, असं म्हणतील लोक." आणि वरणाची वाटी पुढं सरकवली.

म्हणतील. पण दिसतोय म्हणून आपली, की आपली म्हणून दिसतोय? मलाच नीट सांगता येत नाही.

१६ ऑगस्ट, लातूर

सुनंदाताईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून दिली. आत जुनी पगारपत्रकं, लग्नपत्रिका, वाळवीनं खाल्लेला पंचांगाचा गठ्ठा. तळाशी शाळकरी वही. पहिल्या पुस्तकाचा कच्चा खर्डा!! 

पुस्तकाची सुरुवात ज्या दोन वाक्यांनी होते ती वहीतही पहिल्याच पानावर आहेत.

गोठ्यात बैल नाही.
बैल गोठ्यात नाही.

शब्द तेच. पण पहिल्या वाक्यात बैल आहे की नाही कुणास ठाऊक. दुसऱ्यात बैल आहेच, फक्त दुसरीकडं गेलाय. इथून सरांनी सगळं काढलं, की 'नाही' म्हणताना आपण आधीच काय काय 'आहे' धरून चालतो. इथपर्यंत मला पाठ आहे.

पण वहीच्या समासात दुसरंच कुणीतरी आहे. जांभळ्या पेन्सिलीत, गोल गोल अक्षर. प्रत्येक नोंदीची सुरुवात 'प्र. म्हणतो'. पहिल्याच पानावर:

'प्र. म्हणतो: ज्याच्या घरी बैलच नाही त्याला दुसरं वाक्य बोलताच येणार नाही. त्याचं तर्कशास्त्र कुठं लिहिणार?'

मी ते चार वेळा वाचलं. छापील पुस्तकात ही ओळ नाही. पण पुस्तकाचं तिसरं प्रकरण, जे सगळे नावाजतात, जे मी एम.ए.ला शिकवते, ते सगळंच्या सगळं या एका ओळीचं उत्तर आहे.

२१ ऑगस्ट

मॅडम: "प्र. म्हणजे प्रतिपक्ष. आपल्याकडं जुनी रीतच आहे, लेखक स्वतःच विरोधी पक्ष उभा करतो आणि स्वतःच त्याला उत्तर देतो. चांगलं सापडलं. हे भारतीय परंपरेच्या प्रभावात टाक."

एवढं बरं वाटलं! दोन तास.

मग मोबाइलवरचे फोटो मोठे करून पाहिले. सरांचं अक्षर उजवीकडं कललेलं. समासातलं ताठ, सुटं सुटं. सरांचा 'ल' आणि याचा 'ल' वेगळा. स्वतःच्या प्रतिपक्षासाठी कुणी अक्षर बदलतं का?

३० ऑगस्ट, लातूर

वही घेऊनच सरांसमोर बसले. प्र. म्हणजे काय, विचारलं.

"प्रश्न."

अर्ध्या तासानं, दुसरंच काही चाललेलं असताना, मध्येच: "प्रल्हाद."

"कोण प्रल्हाद, सर?"

सर बराच वेळ वहीवर हात फिरवत राहिले. मग मला विचारलं, "तुझं आडनाव काय गं?" तीन वर्षं येतेय मी या घरी. "वाघमारे," म्हटलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. असं पाहिलं की मला वाटलं आता काहीतरी सांगतील. पण म्हणाले, "ऊन उतरलं का?"

निघताना सुनंदाताई फाटकापर्यंत आल्या. प्रल्हाद गुरुजी म्हणून आहेत, म्हणाल्या, हिमायतनगरला. सरांच्याच गावचे, किल्लारीजवळचे. सुनंदाताईंच्या स्वतःच्या लग्नात सासूबाईंनी एकदा नाव काढलं होतं तर सासरे पंगतीतून उठून गेले. "तेव्हापासून या घरात ते नाव कुणी घेत नाही. मी सांगितलं म्हणू नका."

म्हणजे मॅडमचा प्रतिपक्ष हिमायतनगरात राहतो.

६ सप्टेंबर

गेले नाही. तासिका, पेपर तपासणी. खरं कारण ते नाही. तिथं जे सापडेल ते सापडू नये असं वाटतंय. बिराजदार सरांची मी भक्त. बारावीला हे पुस्तक हाती आलं नसतं तर आज मी कुठं असते! आणि ते जर अर्धं दुसऱ्याचं असेल...

आणि ते दुसऱ्याचं निघावं असंही वाटतंय. हे कुणाला सांगणार नाही.

१३ सप्टेंबर, हिमायतनगर

शोधायला त्रास पडला नाही. स्टँडवर पहिल्याच माणसानं घर दाखवलं. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. दारापुढं जास्वंद, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाटेवर गुरुजी पेपर वाचत बसलेले. सरांपेक्षा वर्षानं लहान, पण काटक. मी वहीतल्या पानाचा फोटो पुढं केला. चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल नाकाशी नेऊन बघितला.

"हे अजून हाय?"

"तुमचं अक्षर आहे ना, गुरुजी?"

"हाव. माझंच."

मग हळूहळू सांगितलं. दोघं एका गावचे, एका वर्गात. गुरुजींचे वडील बिराजदारांच्या शेतात सालगडी. एक हैदराबादला जाऊन प्राध्यापक झाला, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. उन्हाळ्याच्या सुटीत दोघं गावी यायचे, दिवस मावळताना विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडावर, बसायचे. विश्वनाथ (म्हणजे सर) लिहायचा, प्रल्हाद खोडा घालायचा. दोन उन्हाळे.

मी विचारलं, "म्हणजे पुस्तक तुम्हा दोघांचं?"

"न्हाई न्हाई. त्याचंच. म्या काय दिलं त्याला? म्या निस्तं न्हाई म्हनायचो."

"आणि ही बैलाची ओळ?"

"ती बी माझी न्हाई. माझ्या मायची हाय." एकदा बिराजदारांचा माणूस दारात येऊन ओरडला, बैल गोठ्यात न्हाई का? माय म्हणाली, आधी गोठा द्या, मग बैल द्या, मग मला इचारा. "म्या ते त्याला सांगितलं. त्यो लई हासला. मंग हासायचा थांबला, अन् लिवाय लागला."

मी म्हटलं, मग पुस्तकात तुमचं नाव का नाही? याचं वाईट वाटलं नाही?

"नावाचं काय न्हाई वाटलं."

मग पुढचं आलं. पुस्तकाचं प्रकाशन लातूरला, एका शाळेच्या हॉलमध्ये. गुरुजी नवा सदरा घालून गेले. विश्वनाथच्या शेजारी उभे होते. कुणा मोठ्या माणसानं विचारलं, हे कोण? विश्वनाथ म्हणाला, "आमच्या गड्याचा मुलगा."

"खोटं काय व्हतं त्यात? एक अक्षर खोटं नव्हतं. व्हतोच म्या गड्याचा पोरगा." गुरुजींनी पेपरची घडी घातली. "म्या तिथून निघून आलो. चहाबी न्हाई घेतला. मंग बदली मागून इकडं आलो, बायकोच्या गावाकडं."

पुन्हा कधी भेट? भूकंपानंतर एकदा गावी गेले होते म्हणाले. विश्वनाथच्या भावाचं घर बसलेलं. विश्वनाथ लातूरला गेला होता. "वाट पायली थोडी. निरोप न्हाई ठेवला."

जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी. मला परतीच्या गाडीत एक अक्षर लिहिता आलं नाही. हे दुसऱ्या दिवशी लिहून राहिले.

१६ सप्टेंबर

सर म्हणतात बैलाचा प्रभाव. गुरुजी म्हणतात मायचा. छापील पुस्तक म्हणतं इंग्रजीचा. मॅडम परंपरेचा. मी बुद्धाचा. गुरुजींना विचारलं होतं की त्या वेळी बौद्ध न्यायातलं काही वाचलं होतं का. म्हणाले, "वंदना पाठ व्हती. बाकी पुस्तकं लई पुढं वाचली." गेली माझी चार बाजूंची इमारत. की नाही गेली? वाचलं नसेल, पण कानावर... नको. पुन्हा तेच करून राहिले मी.

पप्पांना गड्याच्या मुलाचं सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि तसेच बसून राहिले.

२० सप्टेंबर

मॅडम: "तोंडी माहितीवर प्रबंध उभा राहत नाही. आणि कुणाची आई संदर्भसूचीत कशी बसवणार तू?" मग थोडं मऊ होऊन, "शीतल, तू एका जिवंत माणसाचं नाव खराब करशील. तेही ज्याला आता उत्तर देता येत नाही अशा." बरोबर आहे त्यांचं. आणि गुरुजी? त्यांनाही कुणी उत्तर द्यायला बोलावलं नव्हतं.

दोन्ही बरोबर कसं असेल? मी तर्कशास्त्र शिकवते!

२४ सप्टेंबर

गुरुजींचा फोन. "त्यो कसा हाय?" मी सांगितलं, विसरतात.  मग, "येतो म्या. पन त्याला आधी सांगू नका."

२७ सप्टेंबर

गुरुजी काल दुपारीच नांदेडला आले, आमच्याकडं राहिले. पप्पांचं आणि त्यांचं चांगलं जमलं, सगळ्या बदल्यांची गावं मोजत बसले दोघं. आज सकाळच्या गाडीनं आम्ही लातूर. वाटेत गुरुजी खिडकीबाहेर बघत.  सरांनी ओळखलं नाही तर? ओळखलं तर?

सर व्हरांड्यात. गुरुजी पायरीशी थांबले, चप्पल काढली, पण वर येईनात. सरांनी बराच वेळ बघितलं.

"उशीर केलास," सर म्हणाले.

"गाडी नव्हती," गुरुजी म्हणाले, आणि येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले. बस्स. गळाभेट नाही, डोळ्यांत पाणी नाही. सुनंदाताई आणि मी दारात नुसत्या उभ्या.

गुरुजींनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यांच्याकडं प्रत होती! पानं पिवळी, पाठीला सुतळीनं शिवलेली. म्हणाले, "एकेचाळीस पानावर गलत हाय."

"कुठं?"

"तू म्हनतो, वाक्यानं जे धरलं ते खरं असलं अन् वाक्यबी खरं असलं, की झालं. पुढं काय बोलायचं राहत न्हाई."

"मग?"

"समदं खरं असलं तरी वाक्य वाईट असू शकतं का न्हाई?"

सर ताठ बसले. तीन वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. म्हणाले, "वाईट वेगळं, खोटं वेगळं. तर्काला फक्त खरं-खोटं कळतं."

"मंग ज्याला लागलं त्यानं कुठं जायाचं?"

"तो तर्कशास्त्राचा प्रश्न नाही, प्रल्हाद."

"मंग कशाचा हाय?"

सर  आत वळून म्हणाले, "सुनंदा, चहा. प्रल्हादला साखर जास्त लागते."

चहा झाला. मग पुन्हा दीड तास दोघं भांडत होते. कधी पान बारा, कधी पान सत्तर. मधे सर एकदा गुरुजींना 'गुरुजी' म्हणाले, एकदा कुणा दुसऱ्याच नावानं हाक मारली, आणि लगेच पान सत्तरवर बरोबर उत्तर दिलं. रेकॉर्डर चालू होता. पण त्या हॉलबद्दल, त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. की एकेचाळीस पान म्हणजे तोच दिवस होता? सरांना कळलं होतं का ते?

निघताना सर उठून उभे राहिले. गुरुजींचा हात धरून म्हणाले, "तुझे वडील बरे आहेत ना?"

गुरुजींचे वडील जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. 

"हाव," गुरुजी म्हणाले. "बरे हायत."

"त्यांना सांग, मी विचारलं म्हणून. नाव घेऊन विचारलं म्हणावं. मारुतीकाका बरे आहेत का, असं."

"सांगतो."

रिक्षानं स्टँडवर आलो. तिथं मी न राहवून म्हटलं, "गुरुजी, मारुती म्हणजे..." "माझे वडील. मारुती नाव व्हतं त्यांचं," ते म्हणाले. "त्याच्या घरात कुनी कवा नाव घेतलं न्हाई. मारत्या म्हनायचे, न्हाईतर गडी."

गाडी लागली होती. गुरुजी चढले, माझ्यासाठी जागा धरली, आणि अहमदपूर येईपर्यंत डोळे मिटून बसले. झोपले नव्हते.

३० सप्टेंबर

ही माफी होती का? की फक्त विसरणं होतं? म्हाताऱ्या माणसाचं डोकं मागं गेलं, तिथं मारुती जिवंत होता, म्हणून विचारलं. पण मागं गेलेलं डोकं 'मारुतीकाका' का म्हणेल? तेव्हा तर म्हणत नव्हते.

सुनंदाताईंचा फोन. संध्याकाळी सर दोनदा विचारत होते, "तो जेवून गेला का?" कोण, विचारलं तर सांगता येईना.

४ ऑक्टोबर

प्रकरण तीन. पहिलं वाक्य.

'बिराजदारांच्या सुरुवातीच्या तर्कविचारावर त्यांचे मित्र प्रल्हाद यांचा प्रभाव होता.' खोडलं. मित्र? आणि प्रभाव म्हणजे काय, वारा लागला तसा?

'हे पुस्तक दोघांच्या संवादातून झाले.' खोडलं. गुरुजीच न्हाई म्हणतात.

'या विचाराचे मूळ एका अक्षरशून्य स्त्रीच्या वाक्यात आहे.' पप्पांना वाचून दाखवलं. म्हणाले, "अक्षरशून्य काहून लिहितेस? तिचं नाव लिही." गुरुजींना फोन करून विचारलं. सखुबाई. पण मग 'एका स्त्रीच्या' खोडून 'सखुबाई' लिहिलं तर पुढचं सगळंच वाक्य हलतं.

मॅडमचे दोन मिस्ड कॉल.

८ ऑक्टोबर

शेवटी एक पानभर लिहिलं. कुणी काय केलं तेवढंच. विहीर, वही, समासातल्या ओळी, सखुबाई, छापताना काय गळलं. प्रकाशनाच्या दिवसाबद्दल दोन वाक्यं लिहिली, काढली, परत घातली. तसंच ठेवलं.

त्याच पानाच्या दोन प्रती काढल्या. एक लातूरला, एक हिमायतनगरला, रजिस्टरनं. सोबत चिठ्ठी: चुकलं असेल ते दुरुस्त करून पाठवा. पप्पा स्वतः पोस्टात घेऊन गेले. पत्ते त्यांनीच लिहिले, मोठ्या अक्षरात.

मॅडमना सांगितलं, पंधरा दिवस द्या. म्हणाल्या, "तू संशोधन करून राहिलीस की पंचायत?" दिले मात्र.

१७ ऑक्टोबर

लातूरहून पान परत आलं. सुनंदाताईंनी लिहिलंय, तीन दिवस समोर ठेवून बसले होते, एका सकाळी पेन मागितला.

माझ्या मजकुरातलं काहीही खोडलेलं नाही. प्रकाशनाची दोन वाक्यंसुद्धा तशीच आहेत. खाली सरांचं अक्षर, कललेलं, ओळ घसरत गेलेली:

'पहिले पान त्याचे आहे. दुसरे माझे. तिसऱ्यापासून आठवत नाही.'

सही. सहीखाली पुन्हा एकदा सही, पहिली केली हे विसरून केल्यासारखी.

हे पुरावा म्हणून चालेल का? आठवत नाही असं लिहिणाऱ्याचं आठवणं कसं धरायचं? मॅडम हेच विचारतील. आणि मी जर हे प्रबंधात जोडलं नाही, तर ते खोटं होईल का नुसतं वाईट?

पप्पांनी पान हातात घेतलं, वाचलं, पाकिटात नीट परत घातलं.

२१ ऑक्टोबर

हिमायतनगरचं आलं नाही. फोन केला.

"मिळालं," गुरुजी म्हणाले. "वाचून राहिलो."

"काही चुकलंय का?"

"दोनदा वाचलं. अजून एकदा वाचतो. घाई हाय का?"

मॅडमची मुदत परवा संपते. मी म्हटलं, नाही, घाई नाही.

"बरं," म्हणाले.  मला वाटलं आता विचारतील, त्यानं काय लिहिलं. मी पाकीट हातातच धरलं होतं. पण म्हणाले, "पेन्सिलीनं लिवलं तर चालतं ना? न्हाई, पेन हाय घरात. पन पेनानं लिवलं की मागं घेता येत न्हाई."

चालेल म्हटलं. फोन ठेवला.

त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर ते काय लिहितील ते मग त्यांचं राहिलं असतं का?

उद्या पुन्हा पोस्टमनची वाट.